दिवाणावरचा ताल

आमच्या घरात हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजत. एकदा माझा घसा बसला होता, तर वरच्या मजल्यावरच्या शहा आंटी खाली चौकशीला आल्या, की पोरीचा आवाज नाही, घरात काही वाईट तर झालं नाही ना. या सगळ्याचं मूळ माझे आजोबा. घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांचं उभं आयुष्य कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, गेलं. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी केकाटावं लागे. गिरणी बंद पडली, आम्ही मुलुंड ईस्टला तळमजल्यावर राहायला आलो, पण तात्यांनी ती सवय सामानाबरोबर आणली. शिवाय त्यांना ऐकू कमी येई. हे आम्हाला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, नाक्यावरच्या मासेवालीलाही माहीत होतं. फक्त तात्यांना माहीत नव्हतं. "माका सगळा ऐकाक येता," ते म्हणत, "तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास." मग आम्ही सगळे तोंडाबाहेर बोलायला लागलो. आई स्वयंपाकघरातून, बाबा मोरीतून, मी अभ्यासाच्या टेबलावरून. टीव्ही तर विचारूच नका.

शनिवारी संध्याकाळी यात भजनी मंडळाची भर पडे. आमच्याकडे डबलबारीची तालीम चाले. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार, एकाने भजनातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने भजनातूनच त्याची सालं काढायची, आणि याला भक्ती म्हणायचं. तात्या बुवा नव्हते, ते पखवाज वाजवत. बाकी मंडळी खाली सतरंजीवर बसत, पण तात्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, म्हणून ते दिवाणावर बसत. दिवाण म्हणजे आतून पोकळ असलेली लाकडी पेटी, आत गोधड्या आणि गणपतीची मखरं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय त्याला तो पोटातून येणारा घुमा आवाज येत नाही. त्यामुळे आई शनिवारी कणीक मळताना एक गोळा जास्त मळायची आणि मळताना बडबडायची, की या घरात देवाआधी वाद्याला जेवायला लागतं. मग ती अख्ख्या मंडळाचा चहा करायची, मग कांदाभजी, मग परत चहा. भजन चालू असताना आई बाहेरच्या खोलीत कधी बसलेली मला आठवत नाही. कुणी तिला बस म्हटल्याचंही आठवत नाही.

माझा भाऊ ओंकार माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. इतक्या वर्षांनी, की मला शाळेत मैत्रिणींना तो मावसभाऊ आहे असं सांगावंसं वाटे. पण पोरगं गोड होतं, गुबगुबीत, हसरं. तीन वर्षांचं व्हायला आलं तरी बोलत मात्र नव्हतं. "आ" म्हणे, "ऊं" म्हणे, हवं ते बोटाने दाखवे, नाही मिळालं की जमिनीवर लोळण. यावर घरादाराने आणि नातेवाइकांनी एकमताने निकाल दिला होता, की मुलगे उशिराच बोलतात. तात्या म्हणत, "ह्येचो बापूस तरी खय बोललो लवकर?" बाबा तेव्हा पेपरमागून "हं" म्हणत, म्हणजे पुरावा लगेच हजर. आईचं तेवढं समाधान होत नसे. तिला एकच गोष्ट हवी होती, या पोराने तिला एकदा आई म्हणावं. संध्याकाळी ऑफिसातून आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती त्याच्यासमोर उकिडवी बसे आणि म्हणे, "म्हण, आ-ई." तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघे, तसंच तोंड उघडून ओठ ताणे, आणि आवाज काही निघत नसे. मला त्या वेळी दोघांचाही राग यायचा.

पण पोरगं ताल धरायचं! शनिवारी तात्यांच्या मांडीला पाठ टेकून दिवाणावर बसलेलं असे, आणि पखवाजावर थाप पडली की त्याच्या टाळ्या इतक्या अचूक पडत, की टाळ वाजवणारे काका खजील होत. लय वाढली की याची वाढे, सम आली की हा मान हलवे. तात्यांची छाती अशी फुगे, की बंडीची बटणं सांभाळावी लागत. "रगतात आसा ता," ते मंडळाला ओरडून सांगत. "माझो नातू मोठो पखवाजी होतलो." मंडळी माना डोलवत. चहा आमचाच होता ना.

अशात शहा आंटींच्या नातवाने, जशने, उच्छाद मांडला. तो ओंकारपेक्षा लहान, आणि बोलायला लागला तो थांबेचना. येता-जाता जिन्यात गाणी म्हणे, हातवारे करे, शेवटी वाकून नमस्कार करून टाळ्यांची वाट बघत उभा राही. आंटी म्हणाल्या, "ये सब म्युझिक-मुव्हमेंट का कमाल है. क्लास में डाला ना, तबसे ज़बान खुल गई." आईच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. गाण्याने जीभ सुटते. लगोलग तिने जाहीर केलं, ओंकारला क्लासला घालायचं. तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरात पखवाज आसताना भायर ताल इकत घेवचो? लोका काय म्हणतील?" आई म्हणाली, लोक आत्ताही बरंच काही म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही. ते वाक्य तात्यांना ऐकू आलं. त्यांना नको ती वाक्यं बरोबर ऐकू यायची. शेवटी असं ठरलं, की सगळ्यांनी मिळून डेमो बघायचे आणि निवड करायची. म्हणजे तीन वर्षांच्या पोराबरोबर चार परीक्षक.

पहिला क्लास मुलुंड वेस्टला. आम्ही ईस्टची माणसं, फाटक ओलांडून वेस्टला जायचं म्हणजे आई चांगली साडी नेसायची. एका बँकेखालचं तळघर, आत भिंतीवर जिराफ, आणि एक दांडगा स्पीकर लाकडी स्टेजवर. शिकवणारा मुलगा कॉलेजातला असावा, तो स्वतःच इतका नाचत होता की मुलांना जागाच उरत नव्हती. एकाने दुसऱ्याला चावा घेतला, तिसऱ्याने शू केली, चौथ्याची आई हे सगळं कॅमेऱ्यात टिपत होती. ओंकार थेट स्टेजवर गेला, स्पीकरला मिठी मारून त्यावर पोट टेकलं आणि मजेत हलायला लागला. "सो क्यूट," तो मुलगा म्हणाला, "थोडा शाय आहे." बाबांना क्लास पसंत पडला, कारण तिथे एसी होता. तात्यांनी दिलेला शेरा इथे लिहिण्यासारखा नाही.

दुसरा घाटकोपरला, आईच्या बहिणीने सुचवलेला. तिथे नाच वगैरे थिल्लरपणा नव्हता, संस्कार होते. एक करारी बाई पेटी घेऊन बसल्या होत्या आणि समोर सात-आठ अर्भकं मांडी घालून, हाताची घडी घालून, ज्याला त्याला समजेल तो षड्ज लावत होती. बाईंनी आम्हाला सांगितलं, की सूर या वयातच मुरतो. लोणच्याबद्दल बोलावं तसं त्या मुलांबद्दल बोलत होत्या. ओंकारने पाच मिनिटं कळ काढली, मग उठला आणि पेटीच्या लाकडाला गाल लावून डोळे मिटून बसला. थोड्या वेळाने पेटी चाटायलाही लागला. बाईंनी भाता बंद केला. "वाद्याला लाळ लावतो! घरी काही शिस्त?" आईचा चेहरा लाल झाला. बाहेर येऊन ती म्हणाली, "आमच्या घरी वाद्याला कणीक खायला घालतात, लाळेचं काय घेऊन बसलात." पण हे बाहेर आल्यावर, बाईंना नाही.

आता इतक्या वर्षांनी, माझ्या ऑफिसातली एक मुलगी परवा डबा खाता खाता डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, की तिच्या आठ महिन्यांच्या बाळासाठी तिने पाच क्लास पाहिले आणि आता उशीर तर झाला नाही ना. बाळाला अजून धड बसताही येत नाही, पण त्याचं करिअर बुडतंय. मी तिला म्हटलं, बाळाच्या मागे जाऊन एक टाळी वाजव, आणि ते वळलं तर पेढे वाट. तिने डब्याचं झाकण लावलं. असो, ते तिला कसं कळणार.

तिसरा क्लास चेकनाक्याजवळच्या मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. खाली जाडजूड फोमच्या गाद्या, वर छताला चिकटवलेले दोन इवलेसे स्पीकर. तिथे म्हणे मेंदूचा विकास होत असे. तिथली रोशनी मिस सारखी हसायची. चपला काढा सांगताना हसायची, "फक्त मम्मीने आत यायचं" सांगताना हसायची. मी तिचं नाव टूथपेस्ट ठेवलं. तात्या, बाबा आणि मी काचेला नाक लावून बाहेर उभे. आत गाणं लागलं की मुलांनी नाचायचं, गाणं थांबलं की पुतळा व्हायचं. गाणं थांबे, सगळी पोरं पुतळा, आणि आमचं पोर एकटंच हलत असे. मग इकडेतिकडे बघे आणि उशिरा पुतळा होई. बाबा म्हणाले, "आपली गाडी थोडी लेट आहे." मला हसू आलं. रोशनी मिसला मात्र आलं नाही. तिने मुलांवर एक मोठं रंगीत कापड पसरलं आणि स्वतः मागे जाऊन खुळखुळा वाजवला. कापडाखालची सगळी डोकी तिकडे वळली. एक वळलं नाही. तिने डफ घेतला, त्या डोक्याच्या अगदी मागे बसून वाजवला. ते डोकं समोरच्या पोराच्या पायाशी खेळत होतं. मिसचे दात पहिल्यांदाच दिसेनासे झाले.

क्लास संपल्यावर ती आईला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आई बाहेर आली ती फणफणतच. तात्यांनी विचारलं, "काय म्हणता ती?" आता हळू आवाजातलं वाक्य तात्यांना सांगायचं म्हणजे मॉललाच सांगावं लागे. "कान दाखवा म्हणते!" आई ओरडली. "कोणाचे?" "ओंकारचे!" "कान? कानांक काय झाला? बरे दोन आसत मा!" "ऐकू येतं का ते बघा म्हणते!" सरकत्या जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली. तात्या काचेकडे गेले आणि आत उभ्या मिसला ऐकवलं, की ज्या घरात तीन पिढ्या पखवाज वाजला त्या घरातल्या पोराला तू ताल शिकवतेस? मिस आतून हात जोडून काहीतरी म्हणाली. काचेमुळे ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि तात्यांना तसंही आलं नसतं.

घरी पोचताच तात्यांनी पुराव्याची तयारी केली. तो शनिवार नव्हता, तरी आईला कणीक मळायला लावली. दार उघडं टाकलं. शहा आंटी आल्या, समोरचे काका आले, जश तर न बोलावता आलाच. ओंकारला दिवाणावर बसवलं आणि, "बघून करता म्हणूक नको कोणी," असं म्हणत तात्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. पखवाज घेतला. पहिली थाप पडली आणि भिंतीकडे तोंड करून पोराने टाळी धरली. तात्यांनी लय वाढवली, त्याने वाढवली. तात्या अचानक थांबले, पोराचा हात हवेत थांबला. परत थाप, परत टाळी. "बघलास? आता बोल! काय मेली ती दात इचकणारी!" समोरच्या काकांनी झकास म्हटलं, आंटी म्हणाल्या, "एकदम पक्का!" बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात.

आई दिवसभर उभी होती. पाय दुखत असावेत, त्या दिवशी चहाचाही हुकूम नव्हता, तर ती आली आणि दिवाणाच्या कडेला टेकली. तात्यांनी विजयाचं म्हणून आणखी एक आवर्तन लावलं. मी आईकडे बघत होते. ती एकदम उठली, जणू कुणी चिमटा काढला. मग परत बसली. तळवा दिवाणाच्या फळीवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. थाप पडत होती आणि आईच्या हातातल्या बांगड्या बारीक थरथरत होत्या. "तात्या," ती म्हणाली, "त्याला खाली उतरवा." "कित्याक?" "लादीवर बसवा. पाठ करून. आणि मग वाजवा." तिने ओरडून नाही सांगितलं, तरी ते तात्यांनाही ऐकू आलं. बाबांनी ओंकारला उचलून खाली बसवलं, रडू नये म्हणून हातात कणकेचा उरलेला गोळा दिला.

तात्यांनी थाप मारली. ओंकार कणकेचा साप करत होता. त्यांनी दोन्ही हातांनी वाजवलं. साप लांब होत होता. तात्या जोरजोरात वाजवायला लागले, भजनात कधी वाजवला नसेल असा, घाम गळेपर्यंत, धुमेची कणीक सुटून दिवाणावर पडली. काचेच्या खिडक्या हलत होत्या. जशने कानांवर हात ठेवले. "ओंकारा!" तात्या ओरडले, गिरणीतल्या आवाजात. "ओंकारा, हय बघ!" पोराने सापाला शेपटी काढली. मग त्याची नजर माझ्या पायांवर पडली, त्याने वर बघितलं, माझा चेहरा बघून हसला आणि साप मला दाखवला. मला रडू फुटलं ते तेव्हा. आई रडली नाही. शहा आंटींनी जशला उचललं आणि त्या आवाज न करता निघून गेल्या, पहिल्यांदाच.

अख्ख्या जगातलं सगळ्यात गोंगाटाचं घर, आणि त्यात एक पोर तीन वर्षं शांततेत बसलं होतं, आणि आम्हाला पत्ता नाही. तात्यांमुळे सगळे ओरडून बोलत, त्यामुळे ओंकारलाही ओरडूनच हाक मारत. ओरडताना चेहरे वाकडे होत, हात हलत, पाय आपटत, ते बघून तो वळे. आम्हाला वाटे ऐकतोय. आणि ताल तर दिवाणाची फळीच त्याच्या अंगाला सांगे. तपासण्या झाल्या, दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होतं. मशीन लागेल, शिकवावं लागेल, बोलेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने "बोलेल" हा शब्द त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. दुसऱ्या दिवशी ती एकटी मॉलमध्ये गेली. टूथपेस्टने ओंकारसाठी एका कोपऱ्यातल्या गाद्या काढून खाली लाकडी फळी टाकली, स्पीकर फळीवर ठेवला. अशा तऱ्हेने आमचा क्लास ठरला.

मशीनं आली आणि ओंकारने ती कानांतून काढून फेकायचा सपाटा लावला. एक आमटीत सापडलं, एक तात्यांच्या चपलेत. आवाज आत शिरला की तो भेदरून रडे. आई हात जोडून समजावे, बाबा चॉकलेट देत, काही उपयोग नाही. तात्यांनी तर त्या दिवसापासून पखवाजाला गवसणी घातली होती. मंडळाची तालीम दुसऱ्यांकडे हलली. शनिवारी कणकेचा जादा गोळा उरे, आई त्याची मुकाट्याने पोळी लाटे. एका सकाळी तिने तात्यांसमोर चहा ठेवला आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "तुम्ही लावलंत तर तो लावेल." तात्या सवयीने म्हणाले, "माका सगळा..." आणि तिथेच थांबले. लादीवर ओंकार पाठ करून बसला होता. तात्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि बाबांना म्हणाले, "चल, खय जावचा ता सांग."

त्यानंतर आमच्या घरात दोन मशीनवाले झाले, दिवाणावर शेजारी शेजारी. तात्यांनी काढलं की ओंकार काढे, तात्यांनी लावलं की हा लावे. तात्यांना आता पंखा कुरकुरतो, नळ गळतो, सून बडबडते, सगळं कळायला लागलं आणि प्रत्येक गोष्टीची तक्रार सुरू झाली. "इतक्या कित्याक बोंबलतास?" ते आम्हाला विचारत. आम्हाला! पखवाज पुन्हा बाहेर निघाला. पण आम्ही बोंबलायचं कुठलं सोडतोय, जन्माची सवय.

एका रविवारी बांगड्याच्या कालवणावरून जुंपली. आई त्यात वासाची तिरफळं घालायला विसरली होती. तात्या म्हणत होते, "बांगड्याक तिरफळां नाय, मगे ता जेवान कसला?" बाबा म्हणत होते, मिळतंय ते खा. आई आतून ओरडत होती, की दोघांनी मिळून करा. मी ओरडत होते, की माझी परीक्षा आहे. आणि दिवाणावरून आवाज आला. लहानसा, जाडाभरडा, टोक नसलेला.

"गप."

सगळे थांबले. सगळ्यात आधी तात्या वळले. इतका हळू आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, पण तो ऐकला. "मेल्या," ते म्हणाले, आणि कानातलं मशीन बोटाने दाबून धरलं, "माका गप म्हणतस?" ओंकारने त्यांच्याकडे बघितलं, आमच्या घरात ज्या तोऱ्यात तो शब्द दिवसातून शंभरदा म्हटला जाई त्याच तोऱ्यात परत म्हणाला, "गप!" आई मसाल्याच्या हातांनी धावत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. या वेळी तिने 'आ-ई' म्हणून दाखवलं नाही. "मला म्हण," ती म्हणाली. "मला पण म्हण ना रे."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिच्या ओठांवर हात ठेवून म्हणाला, "गप." आणि माझी आई, जिला त्या घरात आजवर कुणीही गप बसवू शकलं नव्हतं, ती गप बसली.